ऐतिहासिक जबाबदारी जगाला सांगता, मग गावाला कधी? मिलो, गायरान आणि सौर पॅनेल



डिसेंबर २०२४ मध्ये परभणीचे नाव देशभर पोचले. बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतर न्यायालयीन कोठडीत सोमनाथ सूर्यवंशी यांचा मृत्यू झाला. त्या लढाईवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ती अजून संपलेली नाही. पण ज्या संविधानासाठी परभणी रस्त्यावर आली, त्याच संविधानात एक अनुच्छेद ३९(ख) आहे. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण सर्वांच्या हिताचे होईल अशा रीतीने विभागले जावे, असे तो सांगतो. भौतिक साधनसंपत्ती म्हणजे जमीन, पाणी, वीज. या अनुच्छेदाची विटंबना रोज होते, पण त्यासाठी कोणी रस्त्यावर येत नाही.

आज जगातल्या मोठ्या परिषदांमध्ये तीन विषय गाजतात: हवामान बदल, ऊर्जा आणि अन्नसुरक्षा. आपल्या पोरांना वाटते की हे विषय परदेशात शिकलेल्यांचे आणि इंग्रजी बोलणाऱ्यांचे आहेत, आपला काय संबंध? माझे म्हणणे असे की परभणी जिल्ह्याच्या गेल्या सत्तर वर्षांच्या इतिहासात हे तीनही विषय आले आणि प्रत्येक वेळी ते एकाच प्रश्नावर येऊन अडले. जमीन कोणाच्या नावावर आहे, हा तो प्रश्न. तो आंबेडकरी चळवळीनेच सर्वांत आधी ओळखला होता.

दिल्ली जगाला काय सांगते

१९९२ साली रिओ येथे हवामान बदलाचा आंतरराष्ट्रीय करार पुढे आला. त्यात एक तत्त्व मान्य झाले: जबाबदारी सगळ्यांची आहे, पण सारखी नाही. ज्यांनी दोनशे वर्षे कोळसा आणि तेल जाळून श्रीमंती मिळवली त्यांनी जास्त भार उचलायचा, आणि ज्यांनी काही जाळलेच नाही त्यांना आधी जगू द्यायचे. भारत सरकार कोणत्याही पक्षाचे असो, हे तत्त्व ते सोडत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले, तेव्हाही हीच भूमिका होती. २०२२ मध्ये इजिप्तमधील शर्म अल-शेख येथे हवामानामुळे झालेल्या नुकसानीसाठी स्वतंत्र निधी उभारण्याचा निर्णय झाला. त्यामागचा युक्तिवादही असाच होता की इतिहासात ज्याच्यावर अन्याय झाला त्याला भरपाई मिळाली पाहिजे.

अन्नाच्या बाबतीतही तेच. जागतिक व्यापार संघटनेचा नियम असा की सरकारने हमीभावाने धान्य खरेदी करून साठा केला तर त्यातली सवलत उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्क्यांच्या पुढे जाता कामा नये. ही सवलत मोजायची ती १९८६ ते १९८८ या काळातल्या किमती धरून! भारताने २०१३ मध्ये बाली येथे यावर तात्पुरती सूट मिळवली. कायमचा तोडगा २०२४ च्या अबुधाबी परिषदेतही निघाला नाही. आमच्या गरिबांच्या ताटाला हात लावू नका, असे भारताचे प्रतिनिधी तिथे ठणकावून सांगतात.

ही भूमिका बरोबर आहे. तिला आपला पाठिंबाच असला पाहिजे. पण मग एक साधा प्रश्न विचारावा लागतो. ऐतिहासिक अन्यायाची भरपाई हे तत्त्व न्यूयॉर्क आणि जिनिव्हात खरे असेल, तर जिंतूर, पालम आणि सोनपेठच्या गावात ते खोटे कसे ठरते? ज्यांनी पिढ्यान् पिढ्या पाणी, जमीन आणि सत्ता अडवून ठेवली आणि ज्यांना गावाबाहेर ठेवले गेले, त्यांची जबाबदारी आणि हक्क सारखेच कसे मोजता?

बाबासाहेबांनी हे तीन प्रश्न वेगळे मानले नव्हते

१९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. त्या काळी सगळे म्हणत होते की तुकडे पडतात म्हणून शेती बुडते. बाबासाहेबांनी उलटा प्रश्न विचारला. तुकडा लहान की मोठा हे क्षेत्रफळावरून ठरत नाही. त्यावर किती भांडवल, अवजारे आणि माणसे लावता यावर ते ठरते. भारतात जमिनीवर माणसांचा बोजा जास्त आहे, तो उद्योगांकडे वळवा, असे त्यांचे उत्तर होते.

उद्योगाला वीज लागते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. पाटबंधारे आणि वीज ही खाती त्यांच्याकडेच होती. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ (१९४४) आणि केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग (१९४५) या संस्था त्या काळातल्या. दामोदर खोऱ्याची योजना आणि ओरिसातील नद्यांची योजना आखताना त्यांनी एक गोष्ट आग्रहाने मांडली. नदी म्हणजे नुसता पूर किंवा नुसते सिंचन नव्हे. एकाच धरणातून पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक साधली पाहिजे. ऑक्टोबर १९४३ मधील विजेवरील भाषणात त्यांनी वीज कशासाठी हवी असा प्रश्न केला आणि दारिद्र्याच्या चक्रातून सुटण्यासाठी, असे उत्तर दिले. ती कोणाच्या मालकीची असावी, हा प्रश्नही त्यांनी तिथेच उपस्थित केला.

मार्च १९४७ मध्ये ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात हे सगळे धागे एकत्र आले. शेती हा राज्याचा उद्योग असावा. जमीन राज्याच्या मालकीची असावी आणि गावकऱ्यांना जातपात न पाहता सामूहिकपणे कसायला द्यावी. पाणी, बैल, अवजारे, खत, बी पुरवणे राज्यावर बंधनकारक असावे. मग जमीनदार राहणार नाही, कूळ राहणार नाही, भूमिहीन मजूरही राहणार नाही. विमा हा राज्याचा मक्ता असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला विमा असावा, हेही त्यातच आहे.

हे संविधानात आले नाही. मग ६ सप्टेंबर १९५४ रोजी राज्यसभेत ते पुन्हा जमिनीवर बोलले. पडीक जमिनी अनुसूचित जातींना द्या, पैसा नसेल तर मिठावरचा कर पुन्हा लावा आणि तो निधी गांधीजींच्या नावाने अस्पृश्यांच्या वसाहतींसाठी वापरा, अशी सूचना त्यांनी केली. या सूचनेतला टोमणा सभागृहातल्या प्रत्येकाला कळला असणार.

काही लोक आपल्याला सांगतात की बाबासाहेबांनी शहरात जा, उद्योगात जा असे सांगितले, तुम्ही दोन एकरांसाठी का भांडता? त्यांनी १९१८ ते १९५४ हा सगळा प्रवास वाचावा. उद्योग हवा, वीज हवी आणि तोवर गावात राहणाऱ्या माणसाच्या पायाखाली जमीनही हवी, असा तो प्रवास आहे.

एकाच वर्षी सत्याग्रह आणि धरण

परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तिथे १९५० साली कूळकायदा आला. ज्याची कूळ म्हणून नोंद होती त्याला संरक्षण मिळाले. पण आपला माणूस बहुतेक ठिकाणी कूळही नव्हता. तो सालगडी होता, बलुत्यावर राबणारा होता. ज्याची कागदावर नोंदच नाही त्याला कायदा कुठे शोधणार?

म्हणून १९५३ साली, बाबासाहेबांच्या हयातीतच, मराठवाड्यात पडीक सरकारी जमिनींसाठी सत्याग्रह झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि भाऊसाहेब मोरे यांच्या नेतृत्वाखाली सतराशेच्या आसपास लोक तुरुंगात गेले. पुढे १९५९ मध्ये आणि त्यानंतर ६ डिसेंबर १९६४ पासून फेब्रुवारी १९६५ पर्यंत रिपब्लिकन पक्षाने देशव्यापी भूमिहीनांचा सत्याग्रह केला. तीन लाखांहून अधिक लोकांनी अटक करून घेतली. त्यात बायाबापड्या होत्या, कडेवर लेकरे घेतलेल्या आया होत्या.

त्या सत्याग्रहाच्या मागण्या आजच्या तरुणांनी काढून वाचाव्यात. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, ही मागणी सगळ्यांना आठवते. पण त्याच यादीत कसेल त्याला जमीन, पडीक जमीन भूमिहीनांना आणि धान्याचे योग्य वाटप व महागाईवर नियंत्रण या मागण्याही होत्या. तो काळ अन्नटंचाईचा होता, देश अमेरिकेच्या पी. एल. ४८० योजनेतल्या गव्हावर जगत होता. अशा वेळी जमीन आणि धान्य एकाच कागदावर मांडण्याचे काम दादासाहेबांच्या पक्षाने केले. ‘अन्नसुरक्षा’ हा शब्द मराठीत रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या सरकारने आश्वासन दिले आणि सत्याग्रह थांबला. त्याच वर्षी, ऑक्टोबर १९६५ मध्ये, शास्त्रीजींनी पैठणला जायकवाडीची पायाभरणी केली. पुढे त्याचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा परभणी जिल्ह्यापर्यंत आला. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण १९६८ च्या सुमारास पुरे झाले, त्यावर २२.५ मेगावॅटचे वीजकेंद्रही उभे राहिले. बाबासाहेबांनी सांगितलेले बहुउद्देशीय धरण परभणीत आले. पाणी आले, वीज आली. पण कालव्याचे पाणी ज्याच्या नावावर जमीन त्याच्या शेतात गेले. १९६५ चे आश्वासन पुरे झाले असते तर त्या पाण्यात आपलाही वाटा असता.

मिलोचे वर्ष

१९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. आजोबा-आजींना विचारा, दोन शब्द हमखास निघतील: मिलो आणि सुकडी. मिलो म्हणजे अमेरिकेत मुख्यतः जनावरांना घालण्यासाठी पिकवली जाणारी लाल ज्वारी. ज्वारी पिकवणाऱ्या प्रदेशाने परदेशातली जनावरांची ज्वारी खाल्ली.

त्याच वर्षी सोव्हिएत रशियाने अमेरिकेकडून प्रचंड गहू खरेदी केला आणि जगात धान्याचे भाव भडकले. १९७३ मध्ये तेलाचे भाव चौपट झाले, त्यामागे खताचेही वाढले. नोव्हेंबर १९७४ मध्ये रोमला जागतिक अन्न परिषद भरली आणि दहा वर्षांत एकही मूल उपाशी झोपणार नाही, असा संकल्प झाला. हवामान, ऊर्जा आणि अन्न ही तिन्ही संकटे एकदम कोसळली होती. आजचे तज्ज्ञ ज्याला नवे जागतिक आव्हान म्हणतात, ते परभणीने पन्नास वर्षांपूर्वी खडी फोडत पाहिले आहे.

मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसे होती. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे देशाने २००५ मध्ये जो ग्रामीण रोजगार हमी कायदा केला त्याची मुळे इथेच आहेत. हा महाराष्ट्राने जगाला दिलेला धडा आहे आणि त्याचा अभिमान बाळगायला हवा. हमीच्या कामामुळे मजुराला पाटलाच्या वाड्यावर न जाता मजुरी मिळू लागली, भाव मागता येऊ लागला. १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत नांदेड, परभणीच्या वस्त्या जळाल्या, त्यामागे विद्यापीठाच्या नावाइतकाच गावातला मजूर आता वाकत नाही हा रागही होता.

पण या योजनेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हमीच्या कामातून पाझर तलाव झाले, बांधबंदिस्ती झाली, नाले अडवले गेले, विहिरी झाल्या. खोदले भूमिहीनांनी. पाणी मात्र तलावाखालच्या शेतमालकाच्या विहिरीत उतरले. दुष्काळ सरला तेव्हा शेतकरी सुधारलेल्या शेताकडे परतला आणि मजूर होता तिथेच राहिला. हवामानाशी जुळवून घेण्यासाठी झालेले काम आपल्या घामाचे होते, मालमत्ता दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर चढली. आज ‘हवामान अनुकूलन’ या नावाखाली येणाऱ्या प्रत्येक योजनेला आपण हाच प्रश्न विचारला पाहिजे. काम कोणाचे आणि त्यातून झालेली मालमत्ता कोणाची?

ज्वारी गेली

१८ मे १९७२ रोजी, त्या दुष्काळाच्या तोंडावर, परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. ज्वारीवर या विद्यापीठाने मोठे काम केले. ‘परभणी मोती’ ही रब्बी ज्वारी शेतकऱ्यांना माहीत आहे. २०१८ मध्ये हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर ‘परभणी शक्ती’ हे वाण आले. लोह आणि जस्त जास्त असलेले ज्वारीचे हे वाण देशात पहिले मानले जाते. रक्तक्षय असलेल्या आपल्या वस्तीतल्या बायकांना आणि पोरींना यापेक्षा जवळचे औषध कोणते?

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. दिल्लीत पाहुण्यांना ज्वारी-बाजरीचे पदार्थ वाढले गेले. इकडे परभणीत मात्र १९९० नंतर खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. सोयाबीनचे तेल निघते, पेंड कोंबड्यांना आणि परदेशात जाते. भाव ठरतो तो जगाच्या बाजारात. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी गरिबाच्या दारातली शेळी-म्हैस गेली. मजुरीत ज्वारी मिळायची, तीही गेली.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये झाला. त्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असा दर लिहिला होता. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. पण रेशनच्या दुकानात येते काय? गहू आणि तांदूळ. एखाद्या हंगामात ज्वारी मिळाली तर मिळाली. म्हणजे जिनिव्हात भारत ज्या सरकारी खरेदीसाठी भांडतो, त्या खरेदीत परभणीच्या कोरडवाहू तुकड्यावरची ज्वारी जवळजवळ नाही. आणि ती विकत घ्यायला गेले तर मजुराला परवडत नाही. रेशन हा आपला हक्क आहेच, तो कोणी काढून घेऊ नये. पण पाच किलो धान्याने पोट भरते, माणूस स्वतंत्र होत नाही. धान्य पिकवणारी जमीन ज्याच्याकडे नाही, त्याचे ताट कायम दुसऱ्याच्या मर्जीवर असते.

गायरान: कागद, दंड आणि नोटीस

सरकारने जमीन दिली नाही तेव्हा लोकांनी गायरान आणि पडीक जमीन कसायला घेतली. खडकाळ माळ, जिथे कुसळाशिवाय काही उगवत नव्हते, तिथे दगड वेचून ज्वारी, तूर घेतली. मराठवाड्यात ॲड. एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानातून हा लढा गावोगाव नेला. गावगुंडांनी उभ्या पिकात गुरे सोडली, बहिष्कार टाकले, मारहाण केली. लोक हटले नाहीत.

२८ नोव्हेंबर १९९१ रोजी महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला. मागासवर्गीय भूमिहीनांनी १४ एप्रिल १९९० पर्यंत सरकारी जमिनीवर शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करावीत, असे त्याचे सार आहे. ती तारीख कोणती? बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षातली जयंती. त्याच आठवड्यात, १२ एप्रिल १९९० रोजी, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागले. १९६४ ची एक मागणी २५ वर्षांनी पुरी झाली. दुसरी मागणी शासन निर्णयाच्या कागदात आली आणि तिथेच अडकून राहिली. पुरावा म्हणून तलाठ्याच्या १-ई च्या नोंदी मागतात. नोंद करणे तलाठ्याचे काम, ती नसली तर दोष कसणाऱ्याचा! दंडाच्या पावत्या भरूनही हजारो कुटुंबांच्या हाती सातबारा आला नाही.

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले. हा निकाल आपल्याला नेहमी दाखवला जातो. कार्यकर्त्यांनी तो शेवटपर्यंत वाचावा. त्याच निकालात न्यायालयाने अपवाद नोंदवला आहे की शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिला असेल तर नियमित करता येईल. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गायरानाचा विषय पुन्हा आला. राज्यात २ लाख २२ हजारांवर अतिक्रमणे असल्याचा आकडा पुढे आला. नोटिसा निघाल्या, मोर्चे निघाले. पण ज्याला पट्टा द्यायचा राहिला त्याचे अतिक्रमण आणि धनदांडग्याने चारी बाजूंनी कुंपण घातलेले अतिक्रमण हे दोन्ही एकाच आकड्यात मोजले गेले.

आता सौर पॅनेल

याच गायरानावर आता नवा दावेदार आला आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० ही २०२३ पासून राज्यभर राबवली जात आहे. शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची, त्यासाठी वीज उपकेंद्रांजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारायचे. हेतू चांगला आहे. रात्री-अपरात्री पाणी द्यायला जाऊन साप चावून मरणारा शेतकरी आपलाही आहे. कोळशाची बाजू घ्यायचेही आपल्याला कारण नाही. परळीचे औष्णिक वीजकेंद्र ज्या गोदावरीच्या पाण्यावर चालते तो खडका बंधारा सोनपेठ तालुक्यात आहे. जुलै २०१५ मध्ये पाणी आटले आणि ते केंद्रच बंद पडले. दुष्काळी मुलखात सूर्याची वीज हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

पण हिशोब बघा. खासगी शेतकऱ्याने जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. सरकारी जमीन असेल तर ती नाममात्र भाड्याने. ग्रामपंचायतीला प्रोत्साहन म्हणून वर्षाला पाच लाख असे तीन वर्षे. कंपनीला प्रकल्प, जमीनमालकाला भाडे, पंचायतीला अनुदान, पंपवाल्याला दिवसा वीज. आणि जो भूमिहीन त्या गायरानावर तीस-चाळीस वर्षे नांगर धरतो आहे, त्याला? नोटीस. ज्याच्याकडे ना विहीर ना पंप, त्याच्या जमिनीवर दुसऱ्याच्या पंपाची वीज तयार होणार.

भारताने २०३० पर्यंत विजेची निम्मी स्थापित क्षमता बिगरजीवाश्म स्रोतांची करण्याचे वचन जगाला दिले होते. ते २०२५ मध्येच गाठले गेले. अभिनंदन. पण पॅरिस करार (२०१५) त्याच्या प्रास्ताविकात न्याय्य संक्रमण आणि मानवी हक्कही सांगतो. ते वचन कोणत्या वर्षी गाठणार?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला: गायरान सगळ्या गावाचे, त्यावर काही कुटुंबांनी नांगर का फिरवावा? आक्षेप रास्त आहे. गुरे-मेंढ्या चारणाऱ्या धनगर आणि भटक्या समाजाचा चराईचा हक्क आहे आणि तो त्यांच्याशी बसूनच सोडवला पाहिजे. पण ‘सगळ्या गावाचे’ गायरान काचेच्या पट्ट्यांखाली झाकून कंपनीला देताना गुरे कुठे चरतील हे कोणी विचारले का? दुसरा आक्षेप: राष्ट्राच्या विकासाच्या आड का येता? आड कोण येते आहे? बाबासाहेबांनी विजेचा प्रश्न मांडताना मालकीचा प्रश्नही मांडला होता. आपण तेच विचारत आहोत.

पंचनाम्यात नसलेला माणूस

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, गोदावरीला पूर आला, परभणी जिल्ह्यातली उभी पिके पाण्यात गेली. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने ३१ हजार कोटींहून अधिक रकमेचे पॅकेज जाहीर केले. मदत सातबाऱ्यावर, पीकविमा सातबाऱ्यावर, पंतप्रधान किसान सन्मान निधी सातबाऱ्यावर. गायरान कसणाऱ्याचे पीक वाहून गेले तरी कागदावर पीकच नव्हते. शेतमजुराची वेचणी-काढणीची मजुरी बुडाली, तिचा पंचनाम्यात रकानाच नाही. नुकसान भरपाईसाठी जगाशी भांडणारा देश आपल्या गावात नुकसान झालेल्यालाच ओळखत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जाती १६.६ टक्के आहेत. २०१५-१६ च्या कृषी गणनेत त्यांच्याकडील वहितीचे क्षेत्र ९ टक्क्यांहूनही कमी आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नावाने महाराष्ट्रात २००४ पासून योजना आहे, भूमिहीन कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत. पण एकरी पाच आणि आठ लाखांच्या मर्यादेत जमीन विकायला कोण येणार? नाव कर्मवीरांचे आणि जमीन बाजारावर सोडलेली!

आपण काय करायचे

जयंतीची वर्गणी गोळा करणारे, मोर्चाला गाड्या भरणारे हात आपल्याकडे आहेत. त्यांनी पुढच्या ग्रामसभांमध्ये ही कामे हातात घ्यावीत:

१. आपल्या गावात १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून गायरान कसणाऱ्यांची यादी करा. १-ई नोंदी, दंडाच्या पावत्या, जुन्या पाहण्या, साक्षीदारांचे जबाब एकत्र करा. माहिती अधिकारात अर्ज टाका.

२. हे दावे निकाली निघेपर्यंत त्या जमिनीवर सौर प्रकल्पाचा ठराव होऊ देऊ नका. ग्रामसभेत बसा, ठरावाची प्रत मागा, विरोध लेखी नोंदवा.

३. जिथे प्रकल्प होणारच असेल तिथे खासगी मालकाला मिळणारे भाडे कसणाऱ्या कुटुंबांच्या सहकारी संस्थेला मिळावे, अशी मागणी करा.

४. परभणीच्या ज्वारीची हमीभावाने खरेदी आणि त्याच जिल्ह्याच्या रेशनवर, अंगणवाडीत वाटप, अशी मागणी कृषी विद्यापीठाच्या दारापासून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत न्या.

५. आपत्तीच्या पंचनाम्यात प्रत्यक्ष कसणाऱ्याची आणि बुडालेल्या मजुरीची नोंद व्हावी. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये प्रत्येक प्रौढाला विमा मागितला होता, सातबारा असलेल्यांपुरता नाही.

१९६४ मध्ये आपल्या आज्या-पणज्या जमीन आणि धान्य एकाच मागणीपत्रात लिहून तुरुंगात गेल्या. आज त्यात वीज आणि हवामान हे दोन शब्द वाढवायचे आहेत. मागणीपत्र तेच आहे आणि ते अजून स्वीकारले गेलेले नाही.

जय भीम! जय संविधान!